सूप पाणचटच का होतं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की घरी भाज्या शिजवून मिक्सरमधून काढलेल्या साध्या सूपबद्दल काय अडतंय ते कळवा, आणि पत्रं येतच राहिली. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही पत्रं खूप लांब होती, ती थोडी कापलीयेत, रागावू नका.

ताई, मी गाजर, कोबी, दुधी, टोमॅटो, थोडा पालक असं सगळं कुकरला लावते, चार शिट्ट्या करते, मग मिक्सर, मग गाळणी, मग मीठ-मिरपूड. घरचे पितात पण परत कोणी मागत नाही. चव पाणचट. कॉर्नफ्लॉवर लावून बघितलं तर तेच पाणचट फक्त घट्ट झालं. नक्की काय चुकतंय?

अहो, मिक्सरपर्यंत पोचायच्या आधीच सगळं ठरून गेलेलं असतं. मिक्सर फक्त बारीक करतो, चव नाही आणत. तुमच्या कुकरमध्ये जे झालंय तेच बारीक होऊन वाटीत येतं, आणि कुकरमध्ये झालंय काय, तर भाज्या भरपूर पाण्यात उकडल्यात. बस.

पहिली गोष्ट पाणी. अर्धा किलो भाजीला (साल-देठ काढून) पाचशे-सहाशे मिली पाणी पुष्कळ झालं, म्हणजे पातेल्यात भाजी जेमतेम बुडेल इतकंच. कुकर असेल तर त्याहून कमी, कारण वाफ बाहेर फारशी जातच नाही आणि दुधी-कोबीसारख्या भाज्या स्वतःच पाणी सोडतात. पातळ करणं नंतर कधीही जमतं, घट्ट करताना मात्र कॉर्नफ्लॉवरच्या मागे लागावं लागतं. माझी पद्धत सांगते, शिजलेल्या भाज्या झाऱ्याने मिक्सरच्या भांड्यात काढायच्या, पाणी पातेल्यातच राहू द्यायचं, आधी भाज्या थोड्याच पाण्यात गुळगुळीत वाटायच्या आणि मग ते राखलेलं पाणी लागेल तसं घालत जायचं. एवढं एकच बदललंत तरी निम्मी तक्रार जाईल.

दुसरी गोष्ट कांदा. एक मोठा कांदा चिरून दीड-दोन चमचे तेलात किंवा बटरमध्ये, चिमूटभर मीठ टाकून, मंद गॅसवर झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं. लाल नाही करायचा, नुसता पारदर्शक आणि मऊ. कच्च्या कांद्याचा उग्रपणा जातो आणि गोडसर चव येते, ती पुढे सगळ्या सूपला धरून राहते. मग चिरलेली भाजी घालून तीही पाच मिनिटं त्याच तेलात परतायची आणि मगच गरम पाणी. भाज्यांमधले बरेचसे वास तेलात उतरतात, नुसत्या पाण्यात नाही, म्हणून ही दहा-पंधरा मिनिटं वाचवायला जाऊ नका. तेल घालायचं नाही असा काहींचा नियम असतो, पण गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन आणि टोमॅटोतलं लायकोपिन शरीरात नीट शोषलं जायला थोडी स्निग्धता लागतेच, त्यामुळे तब्येतीसाठी म्हणून तेल शून्यावर आणणं हा उलटाच प्रकार.

तिसरी, पाच भाज्या एकत्र नकोत. मला माहितीये की फ्रीजमधलं उरलंसुरलं संपवायला सूप बरं पडतं, पण सगळं एकत्र वाटलं की ना गाजराची चव ना टोमॅटोची, आणि रंग तर विचारूच नका. एक मुख्य भाजी, कांदा, एखादी लसणाची पाकळी, झालं. फार तर जोडीला दुसरी भाजी, म्हणजे भोपळ्याला गाजर, फ्लॉवरला थोडा बटाटा, मटाराला पुदिना.

मीठ. एक लिटर सूपला साधारण एक चहाचा चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, पण तो एकदम नाही घालायचा, आधी पाऊण आणि मग चव घेऊन. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे लिटरच्या चार वाट्या केल्या तर एकेका वाटीत पाव दिवसाचं मीठ गेलं, हे डोक्यात असू द्या. विकतचे सूप क्यूब घालत असाल तर वेगळं मीठ शेवटपर्यंत घालू नका, ते आधीच खारट असतात. आणि गॅस बंद केल्यावर लिंबाचे चार थेंब. सपक सूपला बहुतेक वेळा मसाला नको असतो, मीठ आणि आंबटपणा हवा असतो. आधी मीठ बघायचं, मग लिंबू, आणि तरीही काही कमी वाटलं तर मग मिरपूड वगैरे.

गाळण्याबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय म्हणून इथेच सांगून टाकते. मटार, टोमॅटो, मक्याचे दाणे, सेलरी यांची सालं आणि धागे तोंडात येतात, तिथे गाळा. गाजर, भोपळा, फ्लॉवर गाळायचं काही कारणच नाही. गाळणीत जे राहतं ते बरंचसं तंतूच असतात, मिक्सरने ते बारीक होतात पण नाहीसे होत नाहीत, गाळल्यावर मात्र सरळ कचऱ्यात. सूप रवाळ लागतंय म्हणून गाळत असाल तर खरं कारण असं की भाजी पूर्ण शिजलेली नाही किंवा मिक्सर वीस सेकंदात बंद केलाय. सुरी अलगद आरपार गेली पाहिजे, आणि मिक्सर मिनिट-दीड मिनिट तरी सलग फिरू द्या.

गरम सूप मिक्सरला लावलं, बटण दाबलं आणि झाकण उडून सूप ओट्यावर, भिंतीवर, हातावर. हात भाजला. मिक्सर खराब आहे का?

मिक्सर बहुतेक ठीक असेल, पण हात लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरला होता ना? वीस मिनिटं धरायचा असतो, बर्फ नाही, टूथपेस्ट तर अजिबातच नाही. फोड मोठे असतील तर डॉक्टरांना दाखवा.

होतं असं की पातं फिरायला लागलं की गरम सूप घुसळून निघतं, एकदम भरपूर वाफ सुटते, आतली हवाही तापून फुगते, आणि झाकण घट्ट असेल तर त्या सगळ्याला जायला वाट नसते. म्हणून सूप दहा-पंधरा मिनिटं निवू द्या. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, एक तृतीयांश तर आणखी बरं, दोन-तीन वेळा वाटावं लागलं तर लागलं. झाकणाच्या मध्ये छोटी टोपी असेल तर ती काढा, त्या भोकावर घडी केलेला सुती नॅपकिन ठेवा आणि वरून हाताने धरा. सर्वात कमी स्पीडवर सुरू करायचं, मग वाढवायचं. ते छोटे उलटे बसवायचे बंद जार असतात ना स्मूदीसाठीचे, त्यांत गरम काहीही घालायचं नाही, कोमटसुद्धा नको, त्यांना वाफ जायला जागाच नसते.

रोज सूप करणाऱ्यांनी सरळ हँड ब्लेंडर घ्यावा असं माझं मत आहे. पातेल्यातच काम होतं, झाकणाचा प्रश्नच नाही, धुवायला एक भांडं कमी. ही काही नवी टूम नाही बरं का, स्वित्झर्लंडच्या रोजे पेरिनजाकेने १९५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. फक्त पातं पूर्ण बुडलेलं असताना चालू करा आणि बंद केल्यावरच वर काढा, नाहीतर तोच भिंतीचा प्रकार. पात्यात अडकलेला तुकडा काढायचा तर आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद केलंय यावर विसंबू नका. मोठ्या मिक्सरइतकं मुलायम त्यात होत नाही हे खरं, पण रोजच्या वाटीला चालतं.

पालकाचं सूप हॉटेलात हिरवंगार असतं, माझं शेवाळी होतं. सोडा घालतात का?

काही ठिकाणी घालतात, तुम्ही घालू नका. सोड्याने रंग टिकतो पण पानं बुळबुळीत होतात आणि क, ब१ ही जीवनसत्त्वं जातात, मग पालक कशाला खायचा.

रंग जातो त्याचं कारण सांगते. हिरवा रंग क्लोरोफिलचा, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि आंबटपणा दोन्ही मिळाले की तो अणू निघून जातो, त्याजागी हायड्रोजन बसतो आणि रंग मळकट होतो. आता आंबटपणा कुठून आला म्हणाल तर पालकातच थोडी आम्लं असतात, त्यातली काही वाफेबरोबर उडून जातात, पण झाकण ठेवलंत तर परत पातेल्यातच पडतात. तेव्हा कांदा आणि थोडा बटाटा आधी पूर्ण शिजवून घ्या, पालक सगळ्यात शेवटी, झाकण न ठेवता एक-दोन मिनिटं, पानं नुसती मरगळली की गॅस बंद, आणि लगेच वाटा. टोमॅटो घालू नका, लिंबू वाटीत घेताना पिळा. आणि सूप गॅसवर मंद उकळत ठेवून घरातल्यांची वाट बघू नका, ते काही पळून जात नाहीत, रंग जातो. फ्रोझन मटारचंही हेच, तीन-चार मिनिटांत काम संपवायचं.

टोमॅटो सूपमध्ये दूध घातलं की फाटतं. दर वेळी नाही, कधी कधी. असं का?

कधी कधी, कारण टोमॅटो कधी जास्त आंबट असतात, कधी कमी. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की गोळा होऊ लागतं आणि टोमॅटोचा पीएच बरेचदा तितकाच किंवा त्याखाली असतो, वर गरम असेल तर मग बघायलाच नको. दूधच हवं असेल तर त्यात एक चमचा कॉर्नफ्लॉवर कालवून वेगळं उकळून घ्या, त्याने दूध जरा सावरतं. मग सूप गॅसवरून उतरवून, थोडं थोडं सूप दुधात घालत जा, दूध सुपात नाही, आणि नंतर उकळी आणू नका. त्यापेक्षा फेटलेलं क्रीम वाटीत वरून सोडणं सोपं, त्यात फॅट जास्त आणि प्रथिन कमी असल्यामुळे ते सहसा दगा देत नाही. टोमॅटोबरोबर एक गाजर शिजवलंत तर आंबटपणा तसाही कमी जाणवतो आणि दुधाची गरजच उरत नाही. मला स्वतःला टोमॅटो सुपात दूध आवडत नाही, पण तो माझा प्रश्न.

बटाट्याचं सूप डिंकासारखं चिकट झालं, चमच्याला तार येत होती.

बटाट्यातला स्टार्च. जोरात फिरवलं की शिजून फुगलेल्या पेशी फुटतात आणि तो सगळा बाहेर येतो. मुख्य भाजी बटाटा असेल तर मिक्सर नकोच, चाळणीतून दाबून काढा किंवा मॅशरने कुस्करा. दुसऱ्या भाजीत दाटपणासाठी एखादा छोटा बटाटा घालाल तर काही होत नाही. नाहीतर मूठभर तांदूळ किंवा दोन चमचे ओट्स भाजीबरोबरच शिजवा, तेही छान दाट करतात.

सासूबाईंना चावता येत नाही, रात्री फक्त सूप पितात. मी रोज वेगळ्या भाजीचं करते. एवढं पुरतं का त्यांना? वजन उतरतंय.

नाही पुरत. आणि वजन उतरतंय हे डॉक्टरांना आधी सांगा, सूप बदलून बघू आणि मग सांगू असं करू नका.

हिशोब बघा. अर्धा किलो गाजरात दोनशेच्या आसपास कॅलरी आणि चार-पाच ग्रॅम प्रथिनं. त्याच्या चार वाट्या केल्या तर एका वाटीत पन्नास कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिन, वर तेल-बटर असेल तेवढं. जेवणाआधी भूक चाळवायला हे ठीक आहे, जेवण म्हणून नाही. म्हाताऱ्या माणसाचं पोट अशा सुपाने पटकन भरतं पण अंगाला काही लागत नाही. भाजीबरोबर पन्नास ग्रॅम मसूर डाळ शिजायला टाकलीत की चार वाट्यांत मिळून बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं वाढतात, चवही भरीव होते आणि वेगळं घट्ट करावं लागत नाही. शिजलेले छोले, पनीर, उकडलेलं अंडं, भिजवलेले बदाम, यातलं जे चालतं ते वाटतानाच घाला. शेवटी एक चमचा बटर, त्याला घाबरू नका.

राजमा घालणार असाल तर मात्र तो आधी किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास तरी खळखळून उकळलेला आणि पूर्ण मऊ झालेला हवा. कच्च्या-अर्धकच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, त्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात, आणि मिक्सरमध्ये वाटल्यामुळे तो कच्चा राहिलाय हे कळतही नाही. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते विष जात नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी, कारण अशी पत्रं पुष्कळ आहेत. मूत्रपिंडाचा त्रास असून पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल तर सूप हा सोपा पदार्थ नाही, कारण भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि सुपात ते पाणी आपण पितो. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर आज पालकाचं भांडंभर सूप आणि मग महिनाभर काहीच नाही असं नको, पालकातल्या के जीवनसत्त्वाचा त्या औषधाशी थेट संबंध आहे, प्रमाण सारखं असावं आणि बदल करायच्या आधी विचारावं. सूप पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा, गिळायचा त्रास असलेल्यांना पातळ पदार्थच जास्त धोक्याचे ठरतात. आणि ज्या एका ताईंनी आठ महिन्यांच्या बाळाबद्दल विचारलंय त्यांना, बाळाचा भाग मीठ घालायच्या आधी बाजूला काढा आणि दाटच ठेवा.

होस्टेलवर आहे, मिक्सर नाही, एक इंडक्शन आणि एक पातेलं. सूप विसरू का?

अरे विसरू नकोस. भाजी शिजवायच्या आधीच किसणीवर किसून घे, गाजर, भोपळा, दुधी. सोबत मूठभर मसूर डाळ. पंचवीस-तीस मिनिटांत डाळ आपोआप विरघळते, मग चमच्याच्या पाठीने पातेल्याच्या कडेला घोटून घे. एकदम मुलायम होणार नाही, थोडं जाडसर राहील, मला तर तसंच जास्त आवडतं. पालेभाजी बारीक चिरून शेवटी.

सूप कडवट लागतं. लसूण आणि ऑलिव्ह ऑइल दोन्ही चांगल्या प्रतीचं वापरते.

लसूण करपतोय का बघा, तो कांद्याबरोबर नाही, कांदा मऊ झाल्यावर अर्धा-एक मिनिटच. आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल मिक्सरमध्येच घालून फिरवत असाल तर तेही कारण असू शकतं, जोरात फिरवल्यावर त्यातली कडसर द्रव्यं पुढे येतात. तेच तेल वाटीत वरून सोडा, कडू लागणार नाही. फ्लॉवर-ब्रोकोलीचा वास येतो म्हणणाऱ्यांनी त्या भाज्या पंधरा-वीस मिनिटं रटरटत ठेवू नयेत, गंधकाचा वास त्यानेच वाढतो. तुकडे लहान करा म्हणजे आठ-दहा मिनिटांत शिजतील.

सुट्टीच्या दिवशी आठवडाभराचं सूप करून ठेवलं तर चालेल का?

फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांचं, उरलेलं फ्रीझरमध्ये. मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर निवत ठेवायची सवय असेल तर ती मोडा. उकळल्यावर सगळे जंतू मरतात हा गैरसमज आहे, काहींची बीजं उकळीतही टिकतात आणि सूप ५ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळलं की वाढायला लागतात. छोट्या पसरट डब्यांत ओता, हवं तर डबे गार पाण्याच्या परातीत ठेवा, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. खायच्या वेळी लागेल तेवढंच काढून एकदा चांगली उकळी आणा, सगळं पातेलं रोज गरम-गार करू नका.

फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला दोन-तीन महिने चव चांगली राहते. दूध-क्रीम घालायच्या आधीच गोठवा, ते नंतर. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना सूप फुगतं, बोटभर जागा सोडा, काचेची बाटली असेल तर जास्तच. कॉर्नफ्लॉवर लावलेलं सूप वितळल्यावर पाणी सोडतं आणि बटाट्याचं रवाळ होतं, ही दोन सोडून बाकी गाजर, भोपळा, टोमॅटो, मसूर सगळं छान टिकतं. वितळल्यावर वेगळं झालेलं दिसलं तर गरम करून हँड ब्लेंडर परत एकदा फिरवा, पहिल्यासारखं होतं. डब्यावर तारीख आणि भाजीचं नाव लिहा, कारण गोठल्यावर गाजर आणि भोपळा ओळखू येत नाहीत.